गुरुदादाच्या बंदुका

नेपरव्हिल
१६ डिसेंबर २००३

गुरुदादा,

नमस्कार. फोनवर आपण दर रविवारी बोलतोच, पण बंदुकांचा विषय निघाला की तुझ्याकडे मालिनीवहिनी नाहीतर माझ्याकडे वसुधा दुसरा फोन उचलून विषय बदलते. म्हणून हे आपलं टपाल चालू राहिलेलं बरं.

या वर्षी हरीण मिळालं, पण आधी फजिती ऐक. आमच्या इलिनॉयमध्ये हरणाला रायफल चालत नाही. शॉटगन घ्या, नाहीतर ठासणीची. मी ठासणीची घेतो. वसुधा लोकांना सांगते, "हे अमेरिकेत येऊन दारू ठासायला शिकले," आणि ऐकणारे भलताच अर्थ काढतात. तर शनिवारी मचाणावर बसलो. बर्फ भुरभुरत होतं. ओढ्याच्या अंगाने एक नर आला, शिंगं अशी की तू तिथे असायला हवा होतास. नेम धरला, चाप ओढला, ठिणगीची टोपी फुटली आणि पुढे काही नाही. दारू सर्दावली होती. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेला. पळाला असता तर मला कमी लागलं असतं. रविवारी एक मादी मिळाली. फ्रीझर भरला.

आमच्या क्लबातली तरुण पोरं आता दुर्बिणीशिवाय बंदूक उचलत नाहीत. मी त्यांना राजाराममामांची गोष्ट सांगितली. तुझे बाबा बल्लारशाच्या जंगलात नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीवर नेम धरून डुक्कर पाडायचे, आणि आपण दोघं मागे काडतुसांची पिशवी धरून उभे असायचो, हे त्यांना खरं वाटत नाही. मलाही आता कधी कधी वाटत नाही.

तू तुझ्या तिघी बंदुकींबद्दल बरेच दिवस लिहिलं नाहीस. आज सरळ विचारतो, आवडती कोणती? वहिनींची पाठदुखी कशी आहे?

तुझा,
शेखर


कॅरी
११ जानेवारी २००४

शेखर,

आशीर्वाद. दारू आपोआप सर्दावत नाही. तू बंदूक उबदार घरात ठेवतोस आणि एकदम थंडीत नेतोस. नळीत दव धरतं. आदल्या दिवशीच गॅरेजमध्ये ठेवत जा. इतकी वर्षं इंजिनीअरिंग करून हे तुला कळू नये?

आवडती विचारलीस. खरं सांगायचं तर विंचेस्टर. सॅव्हेज तिच्यापेक्षा हुशार आहे. तिच्या डाव्या अंगाला ती पितळेची खिडकी आहे, आत किती काडतुसं उरली ते दिसतं. गोळी लांब जाते, सरळ जाते. दुनळी मी घेतली ती बाबांच्या बंदुकीसारखी दिसते म्हणून, तिच्याने काही मारायचं म्हणून नव्हे. पण हातात धरून रानात चालायचं तर विंचेस्टर. बरोबर मध्यावर तिला पकडलं की ती हाताला ओझं वाटत नाही. खटका खाली-वर केला की जो आवाज होतो, तो मी झोपेतही ओळखेन.

ती घेतली तेव्हाचं तुला सांगितलं नसेल. लॅबमध्ये नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. रॅलेमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालिनी बरोबर होती, अबोलीच्या वेळचे सात-आठ महिने झालेले. दुकानदाराने तिला खुर्ची दिली. माझ्यासमोर त्याने तीन विंचेस्टर ठेवल्या, तिन्ही एकसारख्या. मी चाप बघतोय, नळीत डोकावतोय. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "लाकूड बघून घ्या. लोखंड सगळं सारखंच असतं." मग तिनेच दस्ता निवडला. अक्रोडाचं लाकूड, त्यात एक काळी रेघ पाण्यासारखी वाहत गेलेली. दुकानदार म्हणाला, बाईंना कळतं.

रॉयच्या शेतावर या सीझनला दोनदाच गेलो. तुला रॉय आठवत असेल, चॅटम काउंटीतला, ज्याच्या रानात मी इतकी वर्षं शिकार करतो. आताशा त्याचे गुडघे त्याचं ऐकत नाहीत. मालिनीची पाठ अजून दुखते. मंगळवारी स्कॅन आहे. वय झालं की हाडं बोलायला लागतात, दुसरं काय.

वसुधाला आशीर्वाद.

गुरुनाथ


नेपरव्हिल
२० जून २००४

गुरुदादा,

तुझ्याकडून परत येऊन आता दोन आठवडे होतील. चार वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला. काय लिहायचं ते कळत नाही, आणि फोनवर तू "ठीक आहे" यापलीकडे काही बोलत नाहीस.

वहिनी इतक्या लवकर जातील असं कुणालाच वाटलं नव्हतं. स्कॅन जानेवारीत, आणि मे संपायच्या आत सगळं संपलं. वसुधा अजून मधेच हातातलं काम टाकून बसते. परवा तिने फ्रीझरमधून वहिनींनी दिलेला सावजी मसाल्याचा डबा काढला आणि परत आत ठेवला.

मी ऑफिसला जातो. ट्रेनमध्ये पेपर वाचतो. त्यात काय होतं ते स्टेशनवर उतरल्यावर आठवत नाही. माझं हे, तर तुझं काय असेल.

तू म्हणालास तसं काही दिवस एकटा राहा, पण फार दिवस नको. अबोलीने बोलावलंय तर जर्सी सिटीला जाऊन ये. नाहीतर इकडे ये. काही बोलू नकोस, नुसता येऊन बस. आणि बोलायचंच नसेल तर बंदुकांबद्दल लिही. मला तेवढं पुरेल.

शेखर


कॅरी
१५ ऑगस्ट २००४

शेखर,

पत्र मिळालं. मी ठीक आहे. अबोली रोज फोन करते. शेजारच्या काकू डबा आणून देतात. हवा गरम आहे.

बंदुकांबद्दल लिही म्हणालास. तिन्ही साफ केल्या. सगळे स्क्रू काढून, तेल देऊन, परत बसवल्या. मग लक्षात आलं की गेल्या आठवड्यातच केल्या होत्या.

तू मागे लिहिलं होतंस की दुर्बिणीशिवाय आता कुणी नेम धरत नाही. मी बॅकयार्डमध्ये उभं राहून विंचेस्टर खांद्याला लावून पाहिली. माशी दिसते, पुढचं झाड दिसतं. नजर चांगली आहे. पण पूर्वी बंदूक खांद्याला लावली की अंगात काहीतरी जागं व्हायचं, कान टवकारल्यासारखं. तसं काही झालं नाही. झाड झाडासारखं होतं. मी ती खाली ठेवली आणि आत आलो.

या वर्षी शिकारीला जाणार नाही. विंचेस्टर तू घे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नुसती पाठवता येत नाही. तुझ्या गावातल्या एखाद्या परवानाधारक डीलरचा पत्ता कळव. इथला डीलर त्याच्याकडे पाठवील, तू तिथून कागदपत्रं करून घे. पट्टा आणि चामड्याची पिशवी पण देतो.

तुला ती आवडते हे मला माहीत आहे. वापरात राहिली पाहिजे.

गुरुनाथ


नेपरव्हिल
६ सप्टेंबर २००४

गुरुदादा,

काय लिहू. तुझी विंचेस्टर, आणि मला. लहानपणी मामांच्या बंदुकीला हात लावायला मिळावा म्हणून मी तुझे बूट पुसायचो ते आठवलं.

डीलरचा पत्ता सोबत पाठवतोय. ऑरोरात दुकान आहे, माणूस नीट आहे. मी त्याला आधीच जाऊन सांगून आलो. इथे रायफलने हरीण मारता येत नसलं तरी विस्कॉन्सिनमध्ये येतं. क्लबातल्या मंडळींबरोबर नोव्हेंबरात तिकडे जायचं ठरवतोय. पहिलं हरीण तुझ्या नावाचं. फोटो पाठवीन.

तू स्वतःहून काहीतरी करायला लागलास हे फार बरं वाटलं. वसुधालाही सांगितलं. ती जरा गप्प होती, पण तिला बंदुकांचं काय.

तुझा आनंदात असलेला,
शेखर


कॅरी
१९ ऑक्टोबर २००४

शेखर,

विंचेस्टर पाठवली. पोचली की कळव.

सॅव्हेज रॉयला दिली. त्याची नात आता शिकारीला जायला लागली आहे. रॉय नको म्हणत होता. मी त्याच्या ट्रकमध्ये ठेवून आलो. काडतुसं भरायची यंत्रं आणि माझी थंडीची जाकिटंही त्यालाच दिली. मालिनीचे कपडे अबोलीने मागच्या महिन्यात नेले. कपाटं आता मोकळी आहेत. आवाज घुमतो.

दुनळी ठेवली आहे. ती जुनी, कुणाच्या कामाची नाही.

घर अबोलीच्या नावावर करायच्या कागदपत्रांचं काम संपवलं. तिला काही अडायला नको. तू तिच्या संपर्कात राहा. तिला मराठी वाचायला त्रास होतो, पण बोललेलं सगळं कळतं.

तुझं विस्कॉन्सिन चांगलं होवो. वसुधाला सांग की तिने आणि मालिनीने मिळून केलेल्या लोणच्याची शेवटची बरणी अजून आहे. ती तुमच्याकडे पाठवतो.

आशीर्वाद.

गुरुनाथ


नेपरव्हिल
२९ नोव्हेंबर २००४

गुरुदादा,

तू माझे फोन घेत नाहीस. अबोली म्हणाली, माझं नाव निघालं की तू खोलीतून उठून जातोस. मी तुझा अपमान केला, धाकटा असून तुझ्या घरात शिरून तुझ्या वस्तूंना हात घातला, असं तू तिला म्हणालास. तुझ्या बाजूने ते तसंच असेल. पण माझी बाजू तू एकदा ऐक. नंतर पत्र फाडून टाक.

तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं त्याच दिवशी मी डीलरकडून विंचेस्टर घेऊन आलो होतो. डायनिंग टेबलावर चादर टाकून तिला वरून खाली न्याहाळत होतो. वसुधा पत्र वाचत होती. तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "तिकडे हरणांचा सीझन कधी सुरू होतो?"

"आता, पुढच्या महिन्यात."

"म्हणजे सीझनच्या तोंडावर भाऊजींनी सगळ्या बंदुका वाटून टाकल्या. जाकिटंसुद्धा. आणि एक ठेवली."

मी म्हणालो, जुनी आहे, कामाची नाही असं लिहिलंय त्याने.

ती म्हणाली, "शेखर, हा माणूस आवराआवर करतोय."

दादा, त्याआधी महिनाभर मी त्या रायफलच्या आनंदात होतो. क्लबात सांगत होतो. तुझं ऑगस्टचं पत्र माझ्या हातात होतं आणि मला त्यात फक्त अक्रोडाचा दस्ता दिसला.

तू फोनवर "ठीक आहे" म्हणालास. मग आम्ही कारच काढली. इंडियाना, ओहायो, वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या दारात उभे होतो. तू दार उघडलंस. दाढी वाढलेली, इस्त्रीचा शर्ट. तू म्हणालास, "अचानक?"

"सहज," मी म्हणालो.

"नेपरव्हिलहून कॅरीला सहज कुणी येत नाही."

आत बसलो. काय बोलायचं ते मी वाटेत शंभरदा घोकलं होतं, आणि बोललो काय, तर हवा. वसुधाने मला मधेच थांबवलं. ती तुझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली आणि तिने सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?"

मला वाटलं तू चिडशील. तू चिडला नाहीस. तू फ्रिजकडे बघितलंस. मग म्हणालास, "विचार असा नाही. विचार करायला काहीतरी वाटावं लागतं. मला काही वाटत नाही. नुसतं पुढचं सगळं उगाच आहे असं दिसतं."

ते वाक्य तू ज्या आवाजात बोललास त्याच आवाजात तू मला टपालाचा पत्ता सांगतोस. मला त्याची भीती वाटली.

मी म्हणालो, "दादा, दुनळी रॉयकडे ठेवू या."

"का?"

"घरात नको म्हणून."

"तू मला सांगणार?"

"हो. आज मी सांगणार."

तू उठलास, कपाटाची किल्ली आणलीस, टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "घ्या आणि निघा." आम्ही किल्ली घेतली. निघालो नाही. वसुधा तुझ्याजवळ बसली, मी दुनळी घेऊन रॉयकडे गेलो. रॉयने माझ्याकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं. लोखंडी कपाट उघडलं आणि सॅव्हेजशेजारी तिला जागा केली. कपाट बंद करताना एवढंच म्हणाला, "सॅव्हेज मी घेतलेली नाही. त्याची म्हणूनच ठेवली आहे. मला आधीच फोन करायला हवा होता, पण तुमच्यापैकी कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता."

अबोलीला मी कळवलं. त्याबद्दलही तुझा राग आहे. तिला कळवलं नसतं आणि काही झालं असतं, तर मी तिला तोंड कसं दाखवलं असतं? ती दुसऱ्या दिवशी आली, तुला घेऊन गेली. तू कारमध्ये बसताना माझ्याकडे पाहिलं नाहीस.

विस्कॉन्सिनला मी गेलो नाही. विंचेस्टर माझ्याकडे आहे, पण भेट म्हणून नाही, ठेव म्हणून. तिच्यातून मी एकही गोळी झाडणार नाही. दर महिन्याला तेल देईन.

तू मला माफ करू नकोस, हवं तर. पण तिथल्या डॉक्टरांकडे जात राहा.

शेखर


जर्सी सिटी
८ फेब्रुवारी २००५

चंद्रशेखर,

तुझं पत्र मी फाडलं नाही.

इथे अबोलीच्या फ्लॅटमधून नदी दिसते. पलीकडे मॅनहॅटन. सकाळी ती कामावर जाते, मी खिडकीत बसतो. खाली माणसं स्टेशनकडे चालत जातात, संध्याकाळी परत येतात. आठवड्यातून एकदा एका डॉक्टरीणबाईंकडे जातो. गोळ्या घेतो. त्यांनी तोंड कोरडं पडतं.

मी बासष्ट वर्षांचा आहे. बंदूक कशी ठेवायची हे मला माझ्या बापाने शिकवलं आणि तुला मी शिकवलं. माझ्या हातातून बंदूक काढून घ्यायला तू आलास, ते बायकोला बरोबर घेऊन. रॉयला कळलं. अबोलीला कळलं. आता ती माझ्यासमोर चाकूने भाजी चिरायलाही कचरते. हे तू केलंस.

तू बरोबर होतास की चूक, याचा मी विचार केलेला नाही. मला सध्या कशाचाच विचार होत नाही. राग आहे असं लिहितोय, पण तोही नीट येत नाही.

पुन्हा लिहू नकोस. मला लिहावंसं वाटलं तर मी लिहीन.

गुरुनाथ


नेपरव्हिल
२२ मे २००५

गुरुदादा,

लिहू नकोस म्हणालास, पण आज वहिनींना जाऊन वर्ष झालं. वसुधाने स्वयंपाक केला. आम्ही दोघंच जेवलो.

विंचेस्टर ठीक आहे.

शेखर


कॅरी
२७ नोव्हेंबर २००५

शेखर,

ऑगस्टपासून मी घरी परत आलो आहे. अबोली नको म्हणत होती. डॉक्टरीणबाईंनी इथल्या एका डॉक्टरांचं नाव दिलं, त्यांच्याकडे जातो. दर शनिवारी अबोलीला फोन करायचा असं ठरलंय. मी करतो. ती विचारते, मी सांगतो. लपवण्यासारखं फार काही नसतं.

सीझन सुरू झाला त्या शनिवारी रॉय पहाटे येऊन हॉर्न वाजवत बसला. म्हणाला, "मचाणाची शिडी हलते. धरायला माणूस पाहिजे. माझ्या गुडघ्यांवर मी विश्वास टाकत नाही." मी गेलो. शिडी धरली. तो वर चढला, मी त्याच्या ट्रकमध्ये बसून राहिलो. काच धुक्याने भरली होती, ती पुसलीसुद्धा नाही. काही वेळाने गोळीचा आवाज आला. एकच. मग बराच वेळ काही नाही. मग त्याने शीळ घातली.

हरीण ओढ्यात पडलं होतं. दोघांनी मिळून ओढून वर काढलं. माझे बूट भिजले, मोजे भिजले. पाण्याने पाय ठणकायला लागले तेव्हा मी थांबलो. रॉय म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "पाय दुखताहेत." त्याला वाटलं तक्रार आहे. मी तक्रार करत नव्हतो. पुष्कळ दिवसांनी काहीतरी दुखतंय हे मला कळलं, एवढंच.

मालिनीसाठी मी अजून रडलेलो नाही. डॉक्टर म्हणतात, येईल तेव्हा येईल. मी वाट बघत नाही.

तुझ्यावरचा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो कधी होता आणि कधी नव्हता तेच मला नीट आठवत नाही. पण एक गोष्ट आठवते. त्या महिन्यांत मला पुष्कळ लोक भेटत होते. सगळे विचारायचे, जेवलात का, झोप लागते का, कुठे जाऊन का येत नाही. मी हो-नाही म्हणायचो. वसुधाने जे विचारलं ते दुसऱ्या कुणी विचारलं नाही. तिने विचारलं म्हणून मी उत्तर दिलं. ते उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत ते माझं आहे हे मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मांस कापून झाल्यावर रॉयने हात धुतले आणि ते लोखंडी कपाट उघडलं. सॅव्हेज आणि दुनळी दोन्ही तिथेच होत्या. तो म्हणाला, "तुझ्या आहेत. हव्यात का?"

मी त्या दोघींकडे पाहिलं. रॉयने साफ ठेवल्या होत्या. मी म्हणालो, "अजून नको."

तो "बरं" म्हणाला आणि कपाट बंद केलं. मी माझ्या वाट्याचं मांस घेऊन घरी आलो.

मला ते 'अजून नको' कुणी म्हणायला लावलं नाही. मीच म्हणालो. हे पत्र तू नंतर वाच. आधी वसुधाला वाचायला दे.

गुरुदादा